टेसर्श, टेस्ला आणि आबांचा वाकस

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा एक इअरबड लोकलच्या गर्दीत कायमचा निवृत्त झालाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा लिखित अवतार. माझे "अं... म्हणजे..." आणि मागे वाजलेली कुकरची शिट्टी तेवढी काढलीये. बाकी जसं बोललो तसंच.

आजची गोष्ट एका आडनावाची आहे. चेक आणि स्लोवाक लोकांमध्ये आढळणारं आडनाव. सुरुवात मात्र झाली ती एका फसलेल्या रिलीजच्या रात्री.

मी ज्या प्रॉडक्टवर काम करतो त्याची अर्धी टीम पुण्यात आणि अर्धी ब्रनोमध्ये. ब्रनो हे चेक प्रजासत्ताकातलं दोन नंबरचं शहर. रात्री साडेअकराला कॉलवर आम्ही दोघंच उरलो होतो, बिल्ड चालू होती आणि करण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या माणसाचं आडनाव मी वर्षभर स्क्रीनवर बघत होतो आणि मनातल्या मनात 'टेसर' असं वाचत होतो. त्या रात्री पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. तो हसला. म्हणाला, शेवटचं अक्षर साधा 'र' नाहीये, त्याच्या डोक्यावर टोपी आहे बघ.

ती टोपी म्हणजे एक छोटंसं 'व्ही'सारखं चिन्ह. चेक लोक त्याला हाचेक म्हणतात, म्हणजे छोटा आकडा. 'र'वर हाचेक आला की जो आवाज होतो तो चेक मुलांनासुद्धा उशिरा जमतो म्हणे. जीभ 'र'साठी थरथरवायची आणि त्याच वेळी 'झ' म्हणायचं. संगीतकार ड्वोर्झाकच्या नावात आपण 'र्झ' लिहितो तो हाच आवाज. शब्दाच्या शेवटी आला की तो 'श'कडे झुकतो. म्हणून मी या भागात 'टेसर्श' लिहितोय. स्लोवाक भाषेत हा आवाजच नाही, त्यामुळे तिकडे तेच आडनाव 'टेसार' होतं. शेवटचा 'आ' लांबवायचा.

मग त्यानं विचारलं, तुझ्या आडनावाला काही अर्थ आहे का?

खरं सांगतो, मी दोन सेकंद थांबलो. आपल्याकडे आडनाव विचारतात तेव्हा अर्थ विचारत नाहीत, जात विचारतात. "पूर्ण नाव काय?" या प्रश्नाला मी शाळेपासून सरावलोय. वर्गात बाक मोडला की आमचे एक सर आधी माझ्याकडे बघायचे. म्हणून तो दोन सेकंदांचा ब्रेक. मग म्हणालो, सुतार. लाकडाचं काम करणारा. तो म्हणाला, "माझाही तोच अर्थ."

बिल्ड फेल झाली, पण त्या रात्री मी झोपलो नाही ते बिल्डमुळे नाही.

तर, टेसर्श म्हणजे सुतार, हे अर्धं बरोबर आहे. आपण एकाच शब्दात जे कोंबतो त्याचे तिकडे दोन धंदे आहेत. घरातलं कपाट, खुर्ची, पेटी करणारा तो 'त्रुहलार्श'. हा शब्द 'त्रुहला' म्हणजे पेटी यावरून आला. स्लोवाकमध्ये त्याला 'स्तोलार' म्हणतात, टेबल करणारा. ही दोन्हीसुद्धा आडनावं आहेत. पण टेसर्श वेगळा. तो जंगलातून आलेला ओंडका चौकोनी तासून तुळई करतो. घराचं छप्पर, पूल, पाणचक्की, चर्चचा घंटा टांगायचा मनोरा ही त्याची कामं. थोडक्यात, जे लाकूड डोक्यावर पडलं तर माणूस मरेल, ते टेसर्शचं.

काम कसं चालायचं बघा. ओंडका दोन आडव्या लाकडांवर ठेवायचा. एक दोरी रंगात बुडवून ओंडक्यावर ताणायची, मधेच चिमटीत धरून उचलायची आणि सोडायची. टप्! लाकडावर सरळ रेघ उमटते. मग त्या रेघेपर्यंत कुऱ्हाडीनं ठरावीक अंतरावर खाचा पाडायच्या, मधली लाकडं उडवायची आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं पृष्ठभाग सपाट करायचा. मध्य युरोपातल्या जुन्या माळ्यांवर गेलात तर तुळयांवर त्या कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात.

दोरीचा हा प्रकार मी वाचला आणि एकदम आबा आठवले. आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव कोल्हापूरकडचं. आबा सुताला काव लावून लाकडावर अशीच रेघ मारायचे आणि ते सूत सोडायचं काम मला द्यायचे, कारण त्यात बोटं कापायचा धोका नव्हता. आणि 'सुतार' हा शब्दच मुळी त्या सुतावरून आलाय. संस्कृतात सूत्रधार, म्हणजे सूत धरणारा. प्राकृतात त्याचं सुत्तहार झालं आणि मराठीत सुतार. नाटकातला सूत्रधार आणि माझं आडनाव एकच. म्हणजे एकाच धंद्यातली ही दोन नावं दोन वेगवेगळ्या क्षणी पडलीत. आमचं नाव रेघ मारताना पडलं, त्यांचं घाव घालताना.

कारण टेसर्शच्या मुळाशी आहे चेक क्रियापद 'टेसत्'. अर्थ: कुऱ्हाडीनं किंवा छिन्नीनं छिलून आकार देणं. लाकूड टेसत्, दगड टेसत्.

आता हे वाक्य मराठीत म्हणून बघा. लाकूड तासणे. दगड तासणे.

हो. मी पण असाच थांबलो होतो.

इथे मला जरा सावध बोलायचंय. कारण पुढचं वाक्य तुमच्या फॅमिली ग्रुपवर कुठल्या दिशेनं जाईल ते मला माहितीये. "बघा, चेक भाषासुद्धा संस्कृतातून निघाली!" नाही निघाली. हे नातं आई-मुलीचं नाही, चुलत बहिणींचं आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, स्लाव्हिक, इराणी या भाषांच्या मागे एक फार जुनी भाषा होती. तिचा लिखित पुरावा काही नाही, ती या सगळ्या बहिणींची तुलना करून पुन्हा बांधलेली आहे. त्या भाषेत 'तासून घडवणे' या अर्थाचा एक धातू होता. संस्कृतात तो 'तक्ष्' झाला. तक्षन् म्हणजे सुतार. ऋग्वेदातले कवी तर आपण सूक्त 'तक्षलं' असं म्हणतात, जसा सुतार रथ घडवतो तसं. स्लाव्हिक शाखेत त्याच धातूचं 'टेसाति' झालं आणि त्यातून चेक 'टेसत्'.

मग मराठीत 'तक्ष'चं 'तास' कसं झालं? हा माझा आवडता भाग आहे, कारण इथे नियम दिसतो. संस्कृतातला 'क्ष' मराठीत येताना बऱ्याच घरगुती शब्दांत 'श' किंवा 'स' झालाय. क्षेत्राचं शेत. मक्षिकेची माशी. कुक्षीची कूस. तसं तक्षचं तास. म्हणजे तासणे आणि टेसत् इतके सारखे वाटतात त्यात थोडा नशिबाचाही भाग आहे. मूळ एक, पण 'स'पर्यंत दोघं वेगवेगळ्या वाटांनी आले. गंमत अशी की संस्कृतातलं तक्ष् चेक शब्दापासून जितकं लांब दिसतं, तितकं आपलं मराठी तासणे दिसत नाही.

ग्रीकांकडे याच धातूचा 'टेक्टोन' झाला, सुतार. मुख्य टेक्टोन तो 'आर्किटेक्टोन', आपला आर्किटेक्ट. 'टेख्ने' म्हणजे कौशल्य, तेही याच कुळातलं मानतात, आणि त्यातून टेक्नॉलॉजी. माझ्या डिग्रीचं नाव बीटेक आहे. चार वर्षं हॉस्टेलवर काढून मी जे 'टेक' मिळवलं ते आमच्या घरी आधीपासून दारामागच्या पिशवीत होतं, रंधा आणि पटाशीच्या शेजारी. (हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये बोलताना माझा आवाज जरा बदललाय, त्याबद्दल माफी.)

आणि टेस्ला? तोही याच घरातला. निकोला टेस्ला हा सर्ब, त्याचा जन्म 1856चा, स्मिल्यान गावातला, जे आज क्रोएशियात आहे. त्याच्या भाषेत 'टेस्ला' म्हणजे आपला वाकस. कुदळीसारखं आडवं पातं असलेलं, स्वतःकडे ओढत लाकूड तासायचं हत्यार. धातू तोच. 1880 साली हा टेस्ला प्रागमध्ये येऊन काही काळ विद्यापीठातली व्याख्यानं ऐकून गेला होता, आणि 1946 साली चेकोस्लोवाकियानं आपल्या सरकारी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला त्याचंच नाव दिलं. रेडिओ, टीव्ही, सगळं टेस्ला. त्यामुळे एखाद्या चेक आजीला टेस्ला म्हटलं की गाडीच्या आधी रेडिओ आठवत असेल तर नवल नाही. 2025च्या जुलैमध्ये मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं तेव्हा लोक सेल्फी काढायला गेले. पाटीवर लिहिलं होतं 'वाकस', आणि कुणालाच पत्ता नाही!

जाता जाता एक ट्रॅप दाखवतो. टेसर्शच्या शेवटी 'आर', सुतारच्या शेवटीही 'आर', मग हे पण नातं का? नाही. त्यांचा तो प्रत्यय लॅटिनकडून जर्मानिक भाषांमार्फत स्लाव्हिकमध्ये आलेला आहे. आपल्या कुंभार-लोहारमधला 'आर' हा 'कार'चा झिजलेला तुकडा, आणि सुतारमधला तर 'धार'चा. तिघांचा एकमेकांशी संबंध नाही. डोळ्यांना सारखं दिसतं म्हणून नातं जोडायला गेलात तर इथे तोंडावर पडाल. व्हॉट्सॲप विद्यापीठात नेमकी हीच पायरी सुटते.

बरं. धंद्याचं नाव आडनाव कसं झालं?

मध्ययुगात बोहेमियाच्या गावात, म्हणजे आजच्या चेक भूमीत, माणसाला एकच नाव असायचं. यान, वात्स्लाव, यिर्शी. एका गावात सात यान झाले की लोक म्हणणार, "कुठला यान? यान टेसर्श का?" इतकंच. ही ओळख होती, वारसा नव्हता. यान टेसर्शचा मुलगा भट्टी चालवायला लागला तर तो बेकर म्हणूनच ओळखला जायचा. दुसरी पद्धत घरावरून. घराला नाव चिकटायचं आणि त्या घरात लग्न करून घरजावई आलेल्या माणसालाही तेच नाव लागायचं. म्हणजे टेसर्शच्या घरात राहतो म्हणून तो टेसर्श, भले त्यानं आयुष्यात कुऱ्हाड उचलली नसेल. आज आपली वंशावळ शोधणारे चेक लोक या घरजावयांपाशी हमखास अडकतात.

त्यात भाषेचा घोळ. कारकून जर्मन असेल तर टेसर्शचा तो 'त्सिमरमान' करणार, कारण जर्मनमध्ये तोच अर्थ. चेक कारकून आला की उलट. आज ऑस्ट्रियात किंवा जर्मनीत भेटणारा एखादा त्सिमरमान मुळात टेसर्श असू शकतो, आणि उलटंही. डेटा टाइप तोच, एन्कोडिंग बदललं.

मग हे सगळं गोठलं कधी? 1780च्या दशकात. हॅब्सबर्ग सम्राट दुसरा जोसेफ याच्या राज्यात. त्याची आई मारिया तेरेसा हिच्या काळात, 1770-71 मध्ये घरांना नंबर दिले गेले, सैन्यात भरती करायला माणसं मोजायची होती म्हणून. जोसेफनं पुढची पायरी गाठली. प्रत्येकाला पक्कं आडनाव, बापाचं तेच मुलाचं, मनाला येईल तसं बदलायचं नाही. कर, सैन्य, नोंदवह्या, सगळ्यांना एक स्थिर की हवी होती. कुठल्याही डेटाबेसवाल्याला हे लगेच कळेल.

पण याच माणसानं त्याच सुमाराला आणखी काय केलं ते बघा, कारण मला या भागात सांगायचंय ते इथे आहे. 1 नोव्हेंबर 1781ला त्यानं बोहेमियातल्या शेतकऱ्यांची वेठबंद अवस्था रद्द केली. त्याआधी खेड्यातल्या माणसाला जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नव्हतं, लग्न करता येत नव्हतं, आणि पोराला धंदा शिकायला पाठवता येत नव्हतं. शेतकऱ्याच्या पोराला टेसर्श व्हायचं असेल तर साहेबांची चिठ्ठी लागायची. हंगेरीच्या राज्यात, ज्यात तेव्हा आजचं स्लोवाकिया होतं, हीच सुधारणा 1785 मध्ये आली. सगळी गुलामी एका रात्रीत गेली असं नाही. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबणं 1848पर्यंत चालूच राहिलं. पण गाव सोडायची आणि धंदा निवडायची दारं उघडली.

म्हणजे एकाच दशकात दोन गोष्टी झाल्या. माणसाचा धंदा मोकळा झाला आणि माणसाचं नाव बांधलं गेलं. ज्या दिवसापासून टेसर्शचा मुलगा काहीही होऊ शकत होता, त्याच दिवसांपासून त्याला टेसर्श हे नाव सोडता येत नव्हतं.

मला वाटतं, माझा ब्रनोचा मित्र हसत हसत "सुतार" म्हणू शकला आणि मी दोन सेकंद थांबलो, याचं उत्तर इथे कुठेतरी आहे.

आमच्याकडे उलट झालं. गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीचं चाक, सगळं त्यानं करायचं, आणि मोबदला सुगीत धान्याच्या रूपात. टेसर्शला शहरात नाणी मिळायची, त्याची गिल्ड होती, आणि शिकून झालेला पोरगा काही वर्षं गावोगाव भटकून काम करायचा. या भटकंतीला ते 'वांद्र' म्हणतात. (बँड्राशी संबंध नाही, मी चेक केलंय.) ती गिल्ड काही फार उदार संस्था नव्हती हां. बाहेरच्याला आत घेताना तीही खळखळ करायची. पण धंदा सोडून जाणाऱ्याच्या नातवाला "तू मूळचा टेसर्श ना?" असं कुणी पंगतीत विचारत नव्हतं. 1859 मध्ये ऑस्ट्रियात आणि 1872 मध्ये हंगेरीत गिल्ड कायद्यानं संपल्या, आणि आडनाव मागे उरलं, शिंपल्यासारखं, आतला जीव निघून गेलेलं. आमच्याकडे माझ्या वडिलांनी एकदाही वाकस हातात धरला नाही, ते एसटीत कंडक्टर होते, मी लॅपटॉपवर काम करतो, आणि तरी लग्नाच्या साइटवर आडनाव टाकलं की पुढचा कॉलम आपोआप भरल्यासारखा होतो.

आता तिकडे सगळं गोग्गोड होतं असंही समजू नका. त्याच जोसेफनं 1787 मध्ये आपल्या राज्यातल्या ज्यूंना जर्मन नावं घ्यायला लावली. पुढे शतकभरानं हंगेरीत स्लोवाकांवर आपली नावं हंगेरियन करून घ्यायचा दबाव आला. त्यामुळे स्लोवाकियाच्या जुन्या नोंदींत टेसार हे नाव हंगेरियन स्पेलिंगमध्ये, मधे जास्तीचं 'झेड' घालूनही सापडतं. नाव नुसतं नाव कुठेच नसतं.

स्लोवाकियाचा विषय निघालाच आहे तर टेसार मंडळींनी केलेलं एक काम सांगायलाच हवं. सतराव्या शतकात हंगेरीच्या राज्यात प्रोटेस्टंटांची चर्चेस काढून घेतली जात होती. 1681 मध्ये शोप्रोनच्या सभेनंतर सम्राट लिओपोल्डनं थोडी सूट दिली: ठरावीक जिल्ह्यांत प्रत्येकी दोन चर्च बांधा. पण अटी अशा की ते होऊच नये. गावाबाहेर बांधायचं. दगड-विटा नाहीत, लाकूडच. मनोरा नाही. आणि परंपरेनं असं सांगतात की एका वर्षात पुरं करायचं आणि लोखंडी खिळा वापरायचा नाही.

आता अशी रिक्वायरमेंट आली तर तुम्ही कुणाला बोलावणार? टेसारलाच. ह्रोनसेक गावात 1725-26 मध्ये उभं राहिलेलं चर्च आजही तसंच आहे. लाकडी सांगाडा, लाकडाला लाकूड अडकवून केलेले सांधे, आत चारी बाजूंनी चढत जाणारे बाक, आणि सुमारे 1100 माणसं बसतील एवढी जागा. केझमारोकचं 1717चं चर्च बाहेरून गिलावा केलेल्या साध्या कोठारासारखं दिसतं, आत गेलं की रंगवलेलं लाकडी आकाश. 2008 साली युनेस्कोनं स्लोवाक कार्पेथियन भागातली जी आठ लाकडी चर्चेस जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत ही दोन्ही आहेत. आणि या अटी संपवल्या कुणी? 1781च्या सहिष्णुतेच्या फर्मानानं, पुन्हा आपल्या दुसऱ्या जोसेफनंच. या माणसावर वेगळा भाग करायला हवा, खरंच. कमेंटमध्ये सांगा.

जोसेफवरून आठवलं. बायबलमधल्या जोसेफचा, येशूच्या बापाचा धंदा ग्रीक मजकुरात 'टेक्टोन' आहे. सोळाव्या शतकाच्या शेवटी छापल्या गेलेल्या क्रालित्से बायबलच्या चेक भाषांतरात त्याचा झाला 'टेसर्श'. भाषांतर करणाऱ्यांना फक्त अर्थ जुळवायचा होता. दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत हे कळायला भाषाशास्त्राला आणखी दोनशे वर्षं लागणार होती.

मग हे आडनाव पुढे गेलं कुठे? एकोणिसाव्या शतकात हजारो चेक लोक कामासाठी व्हिएन्नाला गेले. वीटभट्टीवर, शिंपीकामाला, घरकामाला. तिथे हाचेक गळून पडला आणि टेसर्शचे 'टेझार' झाले. 1939 मध्ये इन्सब्रुकला जन्मलेला हाइन्झ टेझार हा ऑस्ट्रियाचा नामांकित आर्किटेक्ट. व्हिएन्नाच्या दोनाउ सिटीतलं काळ्या स्टीलनं मढवलेलं, गोल गोल भोकांतून उजेड आत घेणारं छोटं चर्च त्याचंच, 2000 सालचं. आर्किटेक्ट टेझार! एकच धातू दोनदा, एकदा ग्रीकमधून आणि एकदा चेकमधून. मला असली माहिती मिळाली की मी उगाच खुर्चीवरून उठून घरात एक चक्कर मारतो.

चेकोस्लोवाकियात यान टेसर्श नावाचा इतिहासकार होता. कम्युनिस्ट राजवटीच्या विरोधात उभं राहिल्याबद्दल त्यानं 1970च्या दशकात तुरुंगवास भोगला आणि 'चार्टर 77'वर सही करणाऱ्यांत तो होता. सुताराचं नाव, इतिहासकाराचं काम, आणि कुणी त्याला बाक दुरुस्त करायला सांगितला नाही.

बायकांचं आडनाव वेगळं होतं: टेसर्शोवा. 'ओवा' म्हणजे साधारण 'ची', टेसर्शची. स्लोवाकमध्ये टेसारोवा. चेक प्रजासत्ताकात 1 जानेवारी 2022 पासून कायद्यानं कुठल्याही स्त्रीला ही शेपटी न लावता आडनाव घ्यायची मोकळीक मिळाली. लाडकं रूपही आहे, टेसर्शीक, छोटा सुतार. हे आडनावही आहे आणि एका भुंग्याचंही नाव आहे. लांब मिशांचे जे भुंगेरे लाकूड पोखरतात त्यांना चेकमध्ये टेसर्शीक म्हणतात. त्यातल्या एका जातीचं नाव तर 'छपराचा टेसर्शीक'. मोठा टेसर्श तुळई घालतो, छोटा टेसर्श ती खातो. विनोदबुद्धी आहे या लोकांना.

टेसर्श हा एकटा नाही, अशी धंद्याची आडनावं तिथे ढिगानं आहेत. कोवार्श म्हणजे लोहार, म्लिनार्श म्हणजे चक्कीवाला, बेदनार्श म्हणजे पिंपं करणारा. कोलार्श म्हणजे चाकं करणारा, आणि त्यातलं 'कोलो' हे आपल्या 'चक्र'चं चुलत भावंड. ते पुन्हा कधीतरी.

आता शेवटची गोष्ट, मग सोडतो तुम्हाला.

दिवाळीत गावी गेलो होतो. सुट्टी असूनही एक प्रॉडक्शन इश्यू आला, (तुम्हाला माहितीये कसं असतं) आणि मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलो. नेटवर्क फक्त पडवीत येतं. कॉलवर ब्रनोचा तोच. मागे आबा बसलेले. आता वय झालंय, कामं घेत नाहीत, पण हात स्वस्थ बसत नाहीत. कुणाच्या तरी कुऱ्हाडीला बाभळीचा दांडा बसवायचा होता, तो वाकसानं तासत होते. टक्, टक्, टक्. मी म्यूट व्हायला गेलो तर तो म्हणाला, थांब, कॅमेरा जरा फिरव.

फिरवला. तो स्क्रीनजवळ सरकला आणि आबांच्या हाताकडे बघून म्हणाला, "टेस्लित्से." चेकमध्ये वाकसाला हाच शब्द आहे. मग त्यानं विचारलं, ते काय करतायत याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?

मी आबांना म्हटलं, "आबा, तो विचारतोय तुम्ही काय करताय."

आबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "दिसत न्हाई व्हय त्येला? तासतोय."

पलीकडून काही सेकंद आवाज आला नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग तो हळूच म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणायला सांग त्यांना."